नाकाने जड झालेला बाण

मी एक जुना बाण आहे. खरे सांगायचे तर अर्धाच बाण. माझे जाड तारेचे पाते एका काटेरी झाडाच्या खोडात रुतले आहे आणि त्याला बांधलेले बोटाएवढे हाड तेवढे बाहेर राहिले आहे. बोरूची लांब काडी मला सोडून गेली. तुम्ही मला बघायला आलात, मित्रांनो, तर झाडाभोवती दोनदा फिरल्याशिवाय सापडणार नाही. साल दर वर्षी थोडी थोडी माझ्या अंगावर चढते आहे. मला हलता येत नाही, वळता येत नाही आणि समोरच्या वाळूखेरीज काही दिसत नाही.

मला त्वी नावाच्या म्हाताऱ्याने घडवले. कलाहारीच्या वाळूत त्याची वस्ती होती. डोळ्यांत पांढरा पडदा आल्यामुळे त्याने शिकार सोडली होती, पण त्याची बोटे अजून शाबूत होती. त्याने हाड घासून गुळगुळीत केले, कुंपणाची बारीक तार दगडावर ठोकून पाते केले, आणि सगळे जनावराच्या वाळवलेल्या तातीने बोरूच्या काडीला जोडले. आम्हा बाणांना इथे पिसे नसतात, त्यामुळे सगळी भिस्त तोलावर. पुढचे टोक हलके राहिले तर बाण वाऱ्यावर भरकटतो आणि फार जड झाले तर अर्ध्या वाटेत मान टाकतो. त्वीने मला तर्जनीवर आडवे ठेवले आणि हाड दोनदा घासून कमी केले. मग मी त्याच्या बोटावर नाक जरासे खाली करून स्वस्थ पडून राहिलो. त्या दिवसाइतके मोकळे मला पुन्हा कधी वाटले नाही.

या लोकांत शिकार मारणाऱ्याची नसते. ज्याचा बाण, त्याचे मांस, आणि ते वाटण्याचा मानही त्याचाच. बरीच वर्षे त्वी दुसऱ्यांनी वाटलेले खात होता. "एकदा माझ्या हातानं वाटायचंय," तो बायकोला, नुकाला, म्हणायचा. "मग हे डोळे पुरते गेले तरी चालेल."

वस्तीतला डाबे हा पट्टीचा शिकारी. त्या महिन्यात त्याच्या स्वतःच्या बाणाने दोन जनावरे पडली होती. आता तिसरे पडले तर लोक त्याला शिष्ट म्हणतील, म्हणून तो दुसऱ्याचा बाण मागत फिरत होता. त्याने मला उचलले, बोटावर ठेवले, आणि नाक मुरडले.

"हा बाण म्हणायचा, म्हातारबा? नाकानं किती हलका! सुगरणीला दे, घरट्यात विणेल."

बाकीचे हसले. मी मात्र सुखावलो, कारण या वस्तीत चांगल्या वस्तूला नावे ठेवण्याचीच रीत आहे. कोणी फुगू नये म्हणून मोठ्यात मोठ्या शिकारीलाही इथे हाडांचा सापळा म्हणतात. पूर्वी त्वीनेच यात भर घातली असती. त्या दिवशी त्याने मला परत घेतले आणि पुन्हा पुन्हा बोटावर तोलून पाहिले.

सकाळी त्याने माझे बारीक पाते सोडवून पिशवीत टाकले आणि जाड तारेचे नवे पाते बांधायला घेतले.

"अरे, तो डाबे आहे," नुका म्हणाली. "त्यानं चांगलं म्हटलं असतं तर काळजी करायची."

"पूर्वी बाण सुटला की कसा जातो ते मला दिसायचं," त्वी म्हणाला. "आता लोक सांगतील तेच खरं."

मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण बाणाचे कोण ऐकतो! नव्या पात्याने माझे नाक असे खाली ओढले की मान वर करता येईना. मी तेव्हाच अडकलो, मित्रांनो. झाड नंतर आले.

डाबेला माझे वजन हातात घेताच कळले असणार. तरी म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याने माझ्या हाडाला शिकारीचे विष लावले आणि मला भात्यात टाकले. दुपारी वळलेल्या शिंगांचे मोठे हरीण दिसले. दोरी सुटली, मी निघालो आणि अर्ध्या वाटेत नाक खाली गेले. हरणाच्या पोटाखालून निसटून मी या खोडात शिरलो. हरीण दिसेनासे झाले. डाबेने ओढले तेव्हा फक्त काडी त्याच्या हातात आली. कोणाला इजा नको म्हणून त्याने माझ्यावरचे विष खरवडून वाळूत खोल पुरले आणि तो निघून गेला. पुढचे दिवस मी एकट्याने काढले. मुंग्या माझ्यावरून जात, आणि मला तेवढीही सोबत वाटे.

मग एके सकाळी काठी टेकत त्वी आला. डाबेने त्याचा हात धरून माझ्यावर ठेवला.

"एवढं जाड पातं?" त्वी म्हणाला. "हे मी लावलं?"

"तूच. आधीचा बाण चांगला होता, म्हातारबा. लय चांगला होता, म्हणून तर नावं ठेवली."

त्वी बराच वेळ माझे हाड चाचपत राहिला. "एवढा चांगला होता तर अजून वाईट बोलायचंस," तो म्हणाला. "मला कळलं असतं."

मग तो माझ्यासमोर वाळूत बसला. माझीच काडी, नवे हाड आणि पिशवीतले ते जुने बारीक पाते त्याने जोडले आणि बाण बोटावर आडवा ठेवला. "कसा आहे?"

"वाईट," डाबे म्हणाला. पण त्याने म्हाताऱ्याचा दुसरा हात धरला आणि बाणाचे टोक किती झुकले आहे ते त्याला बोटाने चाचपू दिले. त्वी हसला. मला हसू आले नाही. माझी काडी पुन्हा माझ्याशिवाय चालली होती.

चार दिवसांनी, त्या नव्या बाणाने पडलेल्या शिकारीच्या मांसाचे भारे घेऊन सगळे याच झाडाच्या सावलीत थांबले. "कसलं रोडकं जनावर," लोक म्हणत होते, "पाय फुकट दुखले." त्वीने पिशवी काढून माझ्या हाडाला अडकवली आणि वाटायला बसला. पहिला तुकडा त्याने नुकाच्या हातावर ठेवला. तिने तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाली, "हाडच दिलंस." तिचे डोळे भरले होते.

आता त्वी नाही. साल माझ्या हाडाच्या टोकाशी आली आहे. ती मिटण्याआधी एवढेच मागतो, मित्रांनो. थट्टा खुशाल करा, पण ज्याचे डोळे थकले आहेत त्याचा हात एकदा धरा आणि खरे काय ते त्याच्या बोटांना कळू द्या.

मांस वाटले त्या दिवशी निघताना त्वीने पिशवी काढून घेतली आणि माझ्यावरून अंगठा फिरवला. "काही कामाचा नाही हा," तो म्हणाला.

मी त्या वस्तीतलाच. मला बरोबर कळले.