गुरुवारचं अपडेट

बाजारात गेम-मशीनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीणबाईंच्या दिराला सगळे भविष्यवाला म्हणत. पुढचं गेम-मशीन कुठल्या महिन्यात येणार, नवं सॉफ्टवेअर कधी उतरणार, डिस्कवर आणखी किती माल मावणार, याची भाकितं तो त्यांच्या दुकानात बसून करायचा. दहातली तीन खरी ठरत, आणि तेवढ्या तिनांचाच तो गवगवा करी.

"वहिनी, उद्या दुपारी बाराला अपडेट येतंय," बुधवारी तो म्हणाला. "ते उतरलं की मशीन परक्या ड्राइव्हला डिस्क वाचू देणार नाही."

मिस्त्रीणबाई एका ड्राइव्हची लेन्स पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, मागल्या वर्षी तुम्ही म्हणालात डिस्क नखाएवढी होणार. आमची नखं वाढली, डिस्क आहे तेवढीच आहे."

"ते चुकलं. पण हे बघा तरी." त्याने फोन पुढे धरला. कुणीतरी चाचणीतल्या मशीनचा फोटो टाकला होता. पडद्यावर लिहिलं होतं, 'मूळ ड्राइव्ह आढळला नाही.' खाली बारीक अक्षरांत होतं, 'तीन प्रयत्नांनंतर मशीन कायमचे बंद होईल.'

बाईंनी ते बोट फिरवत सावकाश वाचलं. वाचून संपलं तशी हातातली लेन्स खाली ठेवली.

डिस्क वाचणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हला एक छोटा बोर्ड असतो. त्या बोर्डाच्या पोटात आपल्या मशीनचा क्रमांक असतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. आजवर मशीनने तो कधी विचारला नव्हता. कुणाचाही बोर्ड कुणालाही चाले. त्यामुळे बाईंची काम करायची रीतच पडून गेली होती. मशीनं एकदम उघडायची, सगळे बोर्ड एका ट्रेमध्ये काढायचे, स्पिरिटने पुसायचे आणि हाताला येतील तसे परत बसवायचे. या रीतीने चार दिवसांचं काम दीड दिवसात उरके. त्याचा त्यांना अभिमान होता.

आणि तीनच आठवड्यांपूर्वी त्यांनी विहीणबाईंच्या गेम पार्लरमधली आठ मशीनं अशीच साफ करून दिली होती.

ते काम लेकीच्या शब्दावर मिळालं होतं. विहीणबाई आधी तयारच नव्हत्या. "सोयरीक एका ताटात आणि धंदा दुसऱ्या ताटात असावा," असं त्या म्हणाल्या होत्या. लेकीने हट्ट धरला, "माझ्या आईच्या हाताला तोड नाही. काही झालं तर मला बोला." आता काही झालं तर खरंच तिलाच बोलणार होत्या, आणि तेही जन्मभर.

बाईंनी लेकीला फोन लावला. सगळं ऐकून ती कुजबुजली, "आई, सासूबाईंना सांगू नकोस. काकाचं भाकीत आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं दर वेळी थोडंच होतं?"

"आणि झालं तर? गिऱ्हाईक तीनदा डिस्क घालील आणि मशीन मेलं."

बाईंनी फोन ठेवला आणि हत्यारांची पेटी भरायला घेतली.

गुरुवारी सकाळी दहाला बाई हत्यारांची पेटी घेऊन पार्लरच्या दारात उभ्या राहिल्या. आत भिंतीला ओळीने आठ मशीनं होती, प्रत्येकावर नंबराची चकती. मागच्या फळीवर तीनशे डिस्का, डब्यांत घालून, नावं बाहेर दिसतील अशा नीट लावलेल्या. लेक फडकं घेऊन एकच खुर्ची पुन्हा पुन्हा पुसत होती.

"या विहीणबाई! सकाळी सकाळी पेटी घेऊन? आम्ही काही बोलावलं नव्हतं."

बाईंनी बसण्याआधीच सांगून टाकलं. बोर्डांची सरमिसळ, अपडेट, तीन प्रयत्न, काही लपवलं नाही.

विहीणबाई सुनेकडे बघत म्हणाल्या, "हाताला तोड नाही, नाही का?"

लेकीची मान खाली गेली.

"तिला बोलू नका," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "चूक माझ्या हाताची आहे."

"मग तो हातच सांगू दे." विहीणबाईंनी फळीवरून आठ डिस्का काढल्या आणि टेबलावर आपटल्या. "हे तुमचे बोर्ड समजा. कसे काढलेत, कसे बसवलेत, करून दाखवा. तोंडाने नको, हाताने."

"तीन आठवडे झाले, मला कसं आठवणार?"

"पोळी लाटताना कुठून सुरुवात करता ते आठवतं का? तरी रोज लाटताच ना? करा."

बाईंनी डोळे मिटले. पहिलं मशीन उघडलं, बोर्ड डावीकडे ठेवला. दुसऱ्याचा त्याच्या शेजारी. असे आठ. मग पुसून झाले, आता पहिल्या मशीनपासून बसवायचे. हात आपोआप उजवीकडच्या टोकाच्या डिस्कवर गेला. तिथेच तो थबकला.

"स्पिरिटची बाटली डावीकडे असते," त्या हळूच म्हणाल्या. "कोपर लागून सांडू नये म्हणून मी उजवीकडून उचलते. नेहमीच."

"म्हणजे उलटं!" लेक ओरडली. "पहिल्याचा आठव्यात, आठव्याचा पहिल्यात! दुसऱ्याचा सातव्यात!"

"नेहमी म्हणजे दर वेळी?" विहीणबाईंनी विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक," विहीणबाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघितलं. साडेदहा. त्यांनी उठून दाराला आतून कडी लावली. "माझी आठ मशीनं तुमच्या बहुतेकवर टांगली आहेत. बसा कामाला."

दीड तासात आठ मशीनं. एक स्क्रू दोनदा निसटला. लेक खाली वाकून तो शोधत होती आणि विहीणबाई टॉर्च धरून उभ्या होत्या. या वेळी बाईंनी पहिलं-आठवं, दुसरं-सातवं अशी दोन दोनच मशीनं उघडली. बाराला पाच मिनिटं असताना शेवटचं झाकण बसलं.

बारा वाजले आणि पडद्यांवर निळ्या पट्ट्या सरकू लागल्या. भविष्यवाल्याचा निम्मा शब्द तर खरा झाला होता.

पहिलं मशीन तयार झालं. विहीणबाईंनी डिस्क सुनेच्या हातात दिली. तिने ती आईला दिली. मिस्त्रीणबाईंनी ती खाचेत सरकवली. आत घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. लेकीने आईचा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली.

खेळाचं चित्र आलं.

मग दुसरं मशीन, तिसरं. आठवं झालं तेव्हा लेक जमिनीवरच बसली आणि रडू लागली.

"रडायचं नंतर, आधी पसारा आवर," विहीणबाई म्हणाल्या. मग मिस्त्रीणबाईंकडे वळून, "एक सांगा. तुमचा हात खरा निघाला, की तुमच्या दिराची अफवाच खोटी होती?"

"कोण जाणे. एखाद्या मशीनमध्ये चुकीचा बोर्ड घालून बघितलं तर कळेल."

"घालता का?"

"तुमचं मशीन आहे. तुम्ही म्हणाल तर."

दोघींनी मशीनांच्या ओळीकडे बघितलं. कुणी जागची हलली नाही.

"राहू दे," विहीणबाई म्हणाल्या. "पुढच्या साफसफाईला या. पण एका वेळी एकच उघडायचं, आणि माझ्यासमोर."

कडी निघाली. गिऱ्हाइकं आली, खुर्च्या भरल्या. दोघी विहिणी गल्ल्यामागे चहा घेत बसल्या आणि इकडचं तिकडचं बोलू लागल्या. पण कुठल्याही मशीनमध्ये डिस्क सरकल्याचा आवाज आला की दोघींचं बोलणं अर्ध्यात तुटे, आणि चित्र येईपर्यंत कपातला चहा कुणी पीत नसे.