बाहीखालची खाज

भुऱ्याला खाज सुटली तवा आमच्या नवनाथनं पयला उपाय काय केला, तर गॅरेजातलं जळकं ऑइल आणून कुत्र्याला चोपडलं. नवरा माझाच, पण अक्कल गहाण टाकल्यागत वागतो. कुत्रं ते चाटून ओकायला लागलं. वर हाच म्हणतो, "खानावळीच्या दारात असलं ध्यान नको. उद्या घोड नदीपल्याड सोडून येतो."

सोजरबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते; त्यांचा भुऱ्यात जीव. मला म्हणाल्या, "सीमा, शिरूरला चल." आमच्यात रोज जेवणारा बिरजू कंपनीचा पिकअप चालवतो. त्यानंच आम्हाला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी साबणानं ऑइल धुवून काढायला लावलं. मग भुऱ्याच्या कानाची कड चोळली, तसा त्याचा मागचा पाय हवेतच खाजवायला लागला. कातडी खरवडून काचेवर घेतली आन् सूक्ष्मदर्शकातनं लई वेळ बघितली.

"किडा सापडत नाही," त्या म्हणाल्या. "खरजेचा किडा कातडीत बिळं करून बसतो, बऱ्याचदा हाती लागत नाही. ॲलर्जीसुद्धा असेल. पण ॲलर्जीचं औषध दिलं आणि निघाली खरूज, तर कुत्रं आणखी खंगेल. घरात कुणाला खाज सुटते का?"

"छ्या! कुणालाच न्हाई," आत्या म्हणाल्या.

मला सगळं ठाऊक होतं. आत्या दिवसभर लांब बाहीचं पोलकं घालून चोरून खाजवत होत्या. पण मीबी गप्प बसले. भाकऱ्या थापणारीच्या हाताला खरूज हाय, हे शेजारी उभ्या बिरजूच्या कानावर गेलं की झालं! कंपनीतली सगळी पोरं दुसरीकडं जेवणार, आन् आमची चूल त्यांच्यावरच पेटती. लई राग आला मला, माझाच.

"बरं, मग ॲलर्जीचंच औषध देऊन बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्यांनी भुऱ्याकडं बघितलं आन् बाही सर्रकन वर सारली. "हे बघा. माझी लाज जाऊ दे, कुत्रं जगू दे."

कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं.

"मग खरूजच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी देते, बरा होईल. तुम्हीही आपल्या डॉक्टरला दाखवा. तोवर भाकरी दुसऱ्या कुणाला थापू द्या."

बिरजू टक लावून बघत होता. मी म्हणलं, बुडाली खानावळ! तेवढ्यात त्यानं शर्ट वर केला. पोटभर तसलंच पुरळ.

"मौसी, ये रोज मेरी गोद में सोता है. हम शरम के मारे बोले नहीं."

"आरं मेल्या! आन् मी तुझ्यापायी मरत हुते व्हय?" आत्या म्हणाल्या, आन् तिथंच रडायला लागल्या.