चौथी पाचर

कमानीखालचं लाकडी सेंटरिंग उतरवायची वेळ झाली आणि गवंडी ब्रेमर नेमके कमानीच्या खाली जाऊन उभे राहिले.

"हे काय?" ऊर्मिलाने विचारलं.

"आमची रीत आहे, फ्राऊ वैद्य. आधार काढताना बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं. साडेसातशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे चर्च बांधलं, तेही असेच उभे राहत."

आता रीत म्हटल्यावर माणूस बोलणार काय? पुण्याची ऊर्मिला वैद्य जर्मनीत कोलोनच्या एका फर्ममध्ये इंजिनिअर होती. चार वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांखाली राबल्यावर, २००६ सालच्या या ऑक्टोबरात, पहिल्यांदाच रिपोर्टवर तिची स्वतःची सही होती. खिळखिळी झालेली ही कमान जुन्या पद्धतीनेच पुन्हा बांधली होती. घडीव दगड आणि चुना, सिमेंटचं नाव नाही. बांधली होती ब्रेमरनी. चौसष्ट वर्षांचा हा गवंडी तिला तीनदा म्हणाला होता, चुना अजून ओला आहे. तिनेही तीनदा, अगदी गोड बोलून, त्याच्यापुढे लॅबचे आकडे धरले होते. म्हाताऱ्याच्या नखाने खरवडून पाहण्यावर विश्वास ठेवायचा, की मशीनवर?

दारात पाद्रीबाबा आणि पाहुणे ताटकळत होते. तिचा बॉस चंद्रशेखर सारखा घड्याळ बघत होता.

सहा पाचरी होत्या. त्या सैल झाल्या की लाकूड खाली बसणार आणि कमान स्वतःचा भार स्वतः पेलणार. त्यात ती पाच मिलिमीटरपर्यंत बसली तर चालेल, असं रिपोर्ट सांगत होता.

पहिली पाचर सैल झाली. कमान किती खाली बसते ते मोजणाऱ्या डायल गेजचा काटा एकवर गेला आणि थांबला. दुसरीला पावणेदोन. तिसरीला अडीच. ऊर्मिलाने रोखलेला श्वास सोडला आणि तो तोंडासमोर वाफ होऊन तरंगला. इतकी थंडी आहे इथे?

चौथ्या पाचरीवर घाव पडला. साडेतीन. ब्रेमरच्या मदतनिसाने हातोडा खाली ठेवला.

काटा मात्र चालतच होता. तीन पूर्णांक सहा. तीन पूर्णांक सात. कुणी हात लावत नव्हतं, तरी कमान खाली येत होती.

तिला एकदम उमगलं. चुन्याचे नमुने लॅबमध्ये वाळले होते, उबदार खोलीत! इथे महिनाभर पावसाने भिंती गारठलेल्या, चुना आत ओलाच.

"थांबा!"

"ऊर्मिला, अगं पाचच्या आत आहे," चंद्रशेखर मराठीत पुटपुटला. "चल, उरकून टाक. सगळे बघतायत."

तिने ब्रेमरकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते.

"पाचरी परत ठोका! सगळ्या! ब्रेमर, बाहेर या!"

घाव पडत गेले. चार पूर्णांक एकवर काटा अडला आणि तिथेच राहिला. ब्रेमर बाहेर आले.

"ही कसली जीवघेणी रीत तुमची?" ती ओरडलीच.

"रीत नाही. सकाळी मीच रचली." ते बाकावर टेकले. "रिपोर्टपुढे माझं कोण ऐकणार? तुम्ही आकडे बघता. म्हटलं, आकड्यांच्या खाली एक माणूसही दिसू दे."

"आणि मी थांबवलं नसतं तर?"

"पळणार होतो. पण खाली उभं राहिल्यावर कळलं, हे गुडघे काही पळायचे नाहीत."

तिला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. हा माणूस मेला असता, आणि तिच्या सहीने मेला असता.

पाहुणे कुजबुजत बाहेर पडले. चंद्रशेखर काम थांबवल्याचा फॉर्म घेऊन आला. "कारण हवामान लिहू या. काही खोटं नाही त्यात, आणि सगळ्यांचीच अब्रू राहील."

ऊर्मिलाने त्याच्या हातातून पेन घेतलं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं : गवंड्याने तीन वेळा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि खाली सही केली.