फळीची पलीकडची रेघ

मास्तरांचा आडवा काप चौदा महिने वाकडा जात होता. फार नाही, सूतभरच. पण एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या आणि पोरांनी पाठीमागे ‘काटकोन’ म्हणून चिडवलेल्या माणसाला सूतभर वाकडं म्हणजे तोंड लपवायची वेळ.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं हौशी सुतारकाम चालायचं. सध्या बायकोच्या शिवणासाठी कपाट करायचं घेतलं होतं. फळ्या बारा, आणि एकीचंही टोक काटकोनात येत नव्हतं. आधी त्यांनी करवतीवर खापर फोडलं आणि तिला धार लावून आणली. मग लाकडाला नावं ठेवली. मग टेबलाचा पाय हलतो म्हणून त्याखाली पाचर मारली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," शेजारचा सुतार हसला आणि एक काप बघत उभा राहिला. "मास्तर, तुमच्या बाजूची रेघ तुम्ही बरोबर धरता. पातं पळतंय ते पलीकडे. तुम्हाला तिकडचं दिसत नाही. आधी कोण बघायचं?"

"कुणी नाही," मास्तर म्हणाले.

हे धडधडीत खोटं होतं. वीस वर्षं टेबलापलीकडे स्टुलावर मास्तरीणबाई बसायच्या, मांडीवर शिवण घेऊन. मास्तरांनी गुण्या लावून फळीच्या चारी अंगांना रेघ मारली आणि करवत चालवली, की त्या शिवणातून मान वर काढून म्हणायच्या, "आत." थोड्या वेळाने, "बाहेर." मास्तर खेकसायचे, "दिसतंय मला!" आणि मुकाट्याने मनगट वळवायचे. काप आरशासारखा यायचा आणि कौतुक मास्तरांचं व्हायचं.

सूनबाईच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी म्हणून मास्तरीणबाई दूरदेशी मुलाकडे गेल्या. तिनाचे सहा झाले, सहाचे चौदा. दर वेळी मुलगा फोनवर विचारायचा, "बाबा, आईला अजून थोडे दिवस ठेवून घेऊ?" आणि मास्तर म्हणायचे, "तुमची सोय बघा. मी मजेत आहे." हे मजेतले गृहस्थ ओट्याशी उभ्यानेच जेवायचे आणि संध्याकाळी फळीशी बोलायचे. आता मुलाला आणखी सहा महिने हवे होते. त्याने तसं चार दिवसांपूर्वीच विचारून ठेवलं होतं. या वेळी ‘पाठव तिला’ असं स्पष्ट सांगायचं, हे मास्तरांनी मनाशी शंभरदा घोकलं होतं. फोन आला की मात्र तोंडात मिठाची गुळणी.

त्या दुपारी त्यांनी बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टेबलापलीकडे गोंदाच्या डब्याला टेकवून ठेवला.

"अहो, मला नुसतं तुमचं नाक दिसतंय."

"नाक काय बघतेस? रेघ बघ." त्यांनी फोन खाली कलता केला. "दिसली?"

"दिसली. दाढी नाही केलीत?"

"रेघ बघ, म्हटलं ना!"

करवत चालू झाली. भुसा उडाला. तिकडे कुठेतरी नात रडत होती आणि सूनबाई तिला जोजवत होती. मध्येच आवाज आला, "आत." मास्तरांचं मनगट आपोआप वळलं. ते "दिसतंय मला" म्हणायला गेले, पण थांबले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांना खरोखरच काही दिसत नव्हतं.

"बाहेर. थोडं अजून. हं, असंच."

तुकडा खाली पडला. मास्तरांनी डोळे पुसले, टोकाला गुण्या लावला आणि फळी उजेडाकडे धरली. गुण्या आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची एक फटसुद्धा येत नव्हती.

"आलं का काटकोनात?"

"नाही," मास्तर म्हणाले. "वाकडंच गेलं. फोनवरून नाही जमत हे. इथे माणूस लागतं."

"इकडे दाखवा बघू. गुण्या लावून."

त्यांनी फोन पुन्हा सरळ केला आणि दाखवलं. दुसरं काय करणार? मास्तरीणबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे वाकडं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "बरोबर आलंय. मला तुझ्यावाचून करमत नाही गं. तू ये."

छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं काही पहिल्यांदाच म्हटलं होतं. मास्तरीणबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"एवढं बोलायला चौदा महिने लावलेत? तिसऱ्याच महिन्यात म्हणाला असतात तर बॅग भरून आले असते. तुम्ही आपले मजेत, मजेत! मला वाटलं, घरात आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आज सकाळीच मी सहा महिन्यांना हो म्हटलं. सूनबाईने त्या भरवशावर नोकरी धरली. परवा रुजू व्हायचंय तिला. आता शब्द कसा मोडू?"

"नको मोडूस," मास्तर म्हणाले. त्यांना खाली बसावंसं वाटलं, पण बसले असते तर तिला ते दिसले नसते, म्हणून उभेच राहिले.

"किती फळ्या राहिल्या?"

"अकरा. दोन दिवसांत उडवतो, तू बघणार असलीस तर."

"दोन दिवसांत नाही. आठवड्याला एक," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि मग कपाटाला दारं करा. खण करा. सहा महिने पुरायला हवं."

फोन बंद झाला. मास्तरांनी सवयीने दुसरी फळी टेबलावर घेतली, गुण्या लावला, पेन्सिल उचलली. मग फळी होती तिथे परत नेऊन ठेवली.