चुंबकाचं पोट

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी लोक शिरत होते. व्यासपीठावर खेचेबाबा उभे होते. हे नाव मी ठेवलेलं. भक्त त्यांना महाराज म्हणत. त्यांच्या हातात नालाच्या आकाराचा पोलादी चुंबक होता आणि त्याला खिळ्यांचा घोस लटकत होता.

"बघा, कसा भुकेला आहे! आता ह्याला रोग खाऊ घालू."

रांगेत पहिली माझी ताई. तिच्या छातीत गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, लवकर काढा, अजून हाताबाहेर गेलेलं नाही. ताईनं ऑपरेशनची तारीख रद्द केली आणि इथे आली. भावोजी म्हणाले, "तू जा, तुझं तरी ऐकेल." तिनं ऐकलं नाही. गाठ कळल्यापासून मी रडले नव्हते, चिडलेही नव्हते. जेवत होते, कामाला जात होते, आणि आत काहीच हलत नव्हतं.

माझं काम चुंबक मोजायचं. कारखान्याच्या चाचणीखोलीत पोलादी चुंबक येतात. तारेच्या वेटोळ्यात ठेवून उलटा विद्युतप्रवाह वाढवत न्यायचा आणि किती प्रवाहाला चुंबकत्व संपतं ते टिपायचं. आम्ही त्याला चुंबकाचा हट्ट म्हणतो. साध्या पोलादाचा हट्ट फार नसतो. आपटलं, तापवलं की ते नरमतं. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. हातून चुंबक सुटला की सोडणाऱ्यानं लगेच मोठ्यानं "पडला!" म्हणायचं. कोणी रागावत नाही. तो चुंबक फक्त बाजूला काढतात, कारण त्याचं माप आता खरं येणार नसतं.

बाबांनी चुंबक ताईच्या छातीशी धरला, डोळे मिटून पुटपुटले. मग "रोगा, आता चुंबकातच राहा!" असं गरजून तो समोरच्या दगडावर दाणदाण आपटला.

"पडला!" मी ओरडले.

सगळी सभा माझ्याकडे वळली. ओरडायचं मनात नव्हतं, सवयीनं तोंडून निघालं.

बाबांनी चुंबक खिळ्यांवर धरला. दोन-चारच चिकटले. "भरलं पोट! रोगानं गच्च भरलं, आता खिळ्याला जागा कुठली?"

टाळ्या पडल्या. ताईचा चेहरा उजळला. ते पाहूनही मला काही वाटलं नाही. पाय मात्र व्यासपीठाकडे निघाले.

पुढच्या रोग्यांसाठी ठेवलेल्या चुंबकांतला एक मी उचलला. त्याला खिळ्यांचा घोस लावून सगळ्यांना दाखवला, मग खिळे काढले आणि कुणाच्याही अंगाला न लावता तो दगडावर चांगला बडवला. खिळे चिकटेनात.

"ह्यानं कुणाचा रोग खाल्ला?"

"दगडाचा!" मागून एक म्हातारा म्हणाला, आणि हशा पिकला.

"अश्रद्धेचा हात लागला की लोह रुसतं, बाई," बाबा म्हणाले.

"मग तुमच्याच हातानं करा. ह्यातलाच दुसरा चुंबक ताईला लावा, हवा तेवढा वेळ. फक्त आपटू नका."

"आता ती घटका गेली."

तेव्हा ताईनंच दुसरा चुंबक घेतला. छातीशी घट्ट धरून बसली. तिचे ओठ हलत होते. मग तिनं तो खिळ्यांवर धरला, आणि अख्खा घोस वर आला.

"ह्यानं काहीच खाल्लं नाही," ती म्हणाली.

मी लोकांना सांगितलं की आपटल्यानं पोलादातलं चुंबकत्व विस्कटतं, आणि तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून ते परत आणता येतं. म्हाताऱ्यानं जाऊन मागचा पडदा सारला. वेटोळं आणि बॅटरी तिथेच होती. बाबा पाण्याचा पेला शोधू लागले. काही लोक उठले, काही रांगेत तसेच उभे राहिले. त्यांना हसू नका. घरून आणलेली आशा परत न्यायला जड जाते. पण कुणी चमत्कार दाखवला तर एवढं करा: ज्यानं गुण येतो म्हणतात तेवढंच ठेवा, बाकीचा तमाशा गाळा, आणि मग पुन्हा बघा.

बाहेर पायरीवर ताई बसली.

"मग माझा रोग कुठं गेला गं?"

"कुठंच नाही, ताई. आहे तिथंच आहे."

ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

मी फोन काढला, पण आकडेच दिसेनात. गाठ कळल्यापासून पहिल्यांदाच माझे डोळे भरून आले होते. ताईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच लावला.