ओढ्याकडचा बांध

कला खात्याच्या बाईंचं पत्र आलं, त्यानंतर कांद्याची एक खुरपणी उरकली, दुसरीही सुरू झाली, तरी आप्पांनी उत्तर दिलं नव्हतं. आयुष्यभर गावच्या वाचनालयात बसून त्यांनी लोकांना पुस्तकं काढून दिली. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायला त्यांना कधी भीती वाटली नाही, पण स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात आखडायचा. 'महोदया' एवढं लिहायचे, चष्मा पुसायचे, कागद बाजूला सारायचे आणि उठून गायीला पाणी दाखवायला जायचे. गाय पाणी पिऊन कंटाळली होती.

पत्रातलं विचारणं सरळ होतं. गावातल्या शेतगाण्यांच्या वर्गाला सरकारचं साहाय्य पुढच्या वर्षीही मिळेल. तरी कला कशी वाढते आहे ते कळवावं आणि सहा कलाकारांची नावं कायम करावीत. उत्तर न आल्यास साहाय्य दुसऱ्या गावाला देण्यात येईल.

'वाढते आहे' या शब्दांपाशी आले की आप्पांना दर वेळी ठेच लागायची.

त्या गावात कांदा खुरपायची एक रीत होती. निम्म्या बायांनी रस्त्याकडच्या बांधावरून पात, म्हणजे खुरपणाऱ्यांची रांग, धरायची, निम्म्यांनी ओढ्याकडच्या, आणि समोरासमोर सरकत यायचं. कोण कुठल्या बांधाला, ते घर कुठल्या अंगाला आहे त्यावर ठरलेलं. रस्त्याकडच्या बाया गाणं उचलायच्या, ओढ्याकडच्या झेलायच्या. आधी मधे अख्खं शेत पसरलेलं, म्हणून गळा ताणून ओळ वाऱ्यावर सोडायची. पाती जवळ येतील तसा आवाज उतरत जायचा. मधोमध खुरप्याला खुरपं भिडायच्या बेताला आलं की गाणं कुजबुजीएवढं उरायचं. मग कुणीतरी खुदकन हसायचं आणि गाणं संपायचं. शेत जेवढं लांब, तेवढं गाणं.

यात खरी गंमत झेलण्यात होती. पलीकडून ओळ जशी वळून यायची, त्यावरून अलीकडचीला पुढची ओळ सुचायची. आप्पांची बायको, गावाच्या तोंडी धाकटी, रस्त्याकडची पहिली उचलणारी. आणि तिची मोठी जाऊ, आप्पांच्या थोरल्या भावाची बायको, ओढ्याकडची. थोरली ओळ लगेच परत द्यायची नाही. क्षणभर धरून ठेवायची. मग अशी सोडायची की धाकटी खुरपं थांबवून म्हणायची, "बघा, आता कुठं नेऊन टाकलं मला!" घरं वेगळी झाली, भांडीकुंडी वाटली गेली, भाऊ गेला, पण त्या दोघींचं शेतातलं हे देणंघेणं कुणाला वाटता आलं नाही.

पहिल्यांदा कला खात्याच्या बाई आल्या त्या अर्थातच रस्त्यानं आल्या. गाडीतून उतरून बांधावर उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. बाई मनाच्या चांगल्या होत्या, त्यात काही खोट नव्हती. आप्पांना म्हणाल्या, "हे शाळेतल्या मुलांना शिकवायला हवं. खात्याकडून मानधन मिळेल. मला सहा गाणाऱ्यांची नावं द्या."

आप्पा पडले संकोची. आपल्या मनानं कसं लिहायचं, म्हणून घरोघर विचारत फिरले. ज्याला त्याला विचारलं, गाणाऱ्या कोण? ज्यानं त्यानं रस्त्याकडच्या बायांचीच नावं सांगितली. गावात बोलायची रीतच तशी होती. थोरलीला विचारलं तर ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "आम्ही कुठं गातो भाऊजी? आम्ही झेलतो. गाणाऱ्या म्हणाल तर तुमच्याच घरात आहे की एक." वर हसली. आप्पांनी सहा नावं लिहून दिली. सहाही रस्त्याकडची.

वर्ग शाळेतल्या मोठ्या खोलीत भरला. हेडमास्तरांनी सहा खुर्च्या मांडल्या, पुढं माइक ठेवला. बाया नव्या साड्या नेसून, हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारख्या बसल्या. धाकटीनं ओळ उचलली. भिंतीला आपटून ती तिच्याच कानात परत आली. पुढं काय म्हणायचं ते तिला सुचेना.

"म्हणा की काकू," हेडमास्तर म्हणाले, "वर्षानुवर्षं म्हणताय, विसरलात होय?"

"विसरले नाही हो मास्तर. पलीकडून आलंच नाही काही."

"पलीकडे मुलं आहेत ना!"

मुलांनी तीच ओळ, त्याच सुरात, पाढा म्हटल्यासारखी परत म्हटली. बायांपैकी एक जण खुर्चीवरून वाकून खालच्या सतरंजीचे निघालेले धागे उपटत बसली होती. हेडमास्तर खेकसले, "बाई, शाळेची मालमत्ता आहे ती!" तशी ती म्हणाली, "हाताला काही लागलं तर तोंड चालतं मास्तर. खुरपायला देता का काही?" मुलं खदखदून हसली.

शेवटी सहाजणींनी मिळून गाण्याचे तुकडे केले, फळ्यावर लिहून घेतले. मुलं ते तुकडे पेटीवर म्हणायला शिकली. छान म्हणायची, खोटं कशाला बोला? शिवाय ती पेटी खात्याकडून आली, शाळेला रंग लागला. धाकटीला प्रशस्तिपत्र मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव कुणीतरी छापलं होतं. तिनं ते काच लावून घेतलं आणि रोज पदरानं पुसू लागली.

मग खुरपणी आली. बाया नेहमीसारख्या दोन बांधांना उभ्या राहिल्या. धाकटीनं ओळ सोडली. ती शेतावरून गेली, ओढ्याकडच्या बांधापाशी पोहोचली आणि तिथंच राहिली. पलीकडे नुसती खुरपी चालत होती.

"जाऊबाई, झेला की!" धाकटी ओरडली.

"कलाकारांत आम्ही कशाला?" थोरली मान वर न करता म्हणाली. "तुमचं पगारी गाणं. आमचं गवत भलं."

"मी काय मागायला गेले होते का?"

"नव्हतीस. आम्हीही गेलो नव्हतो."

त्या दिवशी पाती मधोमध येऊन भिडल्या तेव्हा कुणी हसलं नाही. पुढं कुणीतरी मळ्यातल्या खांबाला मोबाइल टांगला. त्यातलं गाणं सगळ्याच ऐकू लागल्या.

आप्पांनी काही केलं नाही असं नाही. ते कार्यालयात गेले, बाकावर बसून राहिले. बाईंनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर सगळ्यांना घेतलं असतं आप्पा. पण मंजुरी सहाचीच आहे." धाकटी आपलं मानधन घेऊन थोरलीच्या दारात गेली होती. थोरलीनं तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं झेललं ते काय मजुरीनं? आता तुझ्याकडून मजुरी घेऊ? जा घरी." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद झालं ते झालंच.

आता पत्राची मुदत संपत आली होती. आप्पा पत्र खिशात घालून मळ्यात गेले. पाती दोन्ही बांधांवरून नुकत्याच निघाल्या होत्या. ते आधी धाकटीपाशी थांबले.

"काय लिहू?" ते म्हणाले.

"मला काय विचारता? तुम्ही शिकलेले."

"तीन नावं इकडची, तीन तिकडची लिहू का?"

धाकटीनं खुरपं मातीत रोवलं. मग म्हणाली, "माझं काढा त्यातलं. आणि विचारा जाऊन त्यांना." एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांशी नेला, घाम पुसल्यासारखा.

आप्पा सऱ्यांमधून पलीकडे निघाले. "आप्पा, जपून, कांदा तुडवाल!" कुणीतरी हाकारलं. कुणी म्हणालं, "आता गाणं पायी पोहोचवायला लागलंय!" आप्पांचे कान लाल झाले.

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. खुरप्याची माती अंगठ्यानं पुसली.

"तिकडच्या तीन कोणत्या भाऊजी?"

"तुम्ही तर असालच, वहिनी. बाकीच्या दोन..."

"त्या दोन तुम्ही निवडणार, का मी? आणि उरतील त्यांनी काय करायचं? आज निदान या बांधावर आम्ही एकमेकींशी बोलतोय. तेही मोडायचंय का?"

"धाकटी म्हणते, तिचं नाव काढा."

थोरलीचा हात थांबला. तिनं शेतापलीकडे पाहिलं. तिकडून धाकटीही बघत होती, पण दोघींच्या मधे कांदा होता आणि खांबावर मोबाइल वाजत होता.

"तिचं कशाला काढता?" थोरली हळू म्हणाली. "ती चांगलंच गायची."

"मग मी काय लिहू, वहिनी? तुम्ही सांगाल ते लिहितो."

"लिहा, आमच्या गावात कुणी गात नाही." ती पुन्हा खाली वाकली. "खोटं आहे का त्यात काही?"

यावर काहीतरी उत्तर असलं पाहिजे, कुठल्या तरी पुस्तकात ते नक्की असेल, असं आप्पांना वाटत राहिलं. ते परत अलीकडे आले आणि धाकटीला थोरलीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"आधी काय म्हणाल्या? मी गायची ते?"

"चांगलंच गायची, म्हणाल्या."

धाकटीनं मान हलवली. "लिहा मग."

"शाळेतला वर्ग बंद होईल. पेटी नेतील कदाचित. तुझं ते प्रशस्तिपत्र..."

"ते काय, भिंतीवर आहे. राहील तिथं." तिनं गवताचा झुबका उपटून मागं टाकला. "तुम्ही लिहा म्हटलं ना."

मळ्याच्या कडेला विहिरीच्या काठावर बसून आप्पांनी गुडघ्यावर वही ठेवली आणि एका दमात लिहिलं. 'महोदया, आपल्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला, क्षमस्व. मुलांना पेटीवरील गाणी येतात, ती आपल्या वर्गाची पुण्याई. मात्र आमच्या गावात आता कुणी गात नाही. सबब साहाय्य पाठवू नये.' खाली सही केली. दोनदा वाचलं. खोडावासा एकही शब्द सापडला नाही, याचं त्यांनाच वाईट वाटलं.

पोस्टाची पेटी शाळेच्या फाटकाला टांगलेली होती. आत मुलं पेटीच्या सुरात गात होती, सगळी एका आवाजात. आप्पांनी पाकीट फटीत धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि सोडलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी फटीत बोटं घातली. जातील तितकी आत घातली. पत्र हाताला लागलं नाही.