तोंडातला घोट

सोनालीने गाडीचं मागचं दार उघडलं, तर आत मंडळी आधीच बसलेली. दाराशी चुलत सासरे पदूकाका, कडक इस्त्रीचा सदरा आणि अत्तराचा भपकारा. पलीकडे ड्रायव्हरच्या मागे सासूबाई, इंदूबाई; मांडीवर बोरांची पिशवी, पायाशी घरून भरून घेतलेला पाण्याचा कॅन. पुढे सासरे, येसाजी, सीटचा पट्टा कुठे अडकवायचा ते शोधत होते. मागच्या दोघांच्या मधली जागा, जिथे बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, ती तेवढी सुनेसाठी राखून ठेवली होती.

"अहो," ती पुढच्या खिडकीशी वाकून नवऱ्याला म्हणाली, "कुपन दोघांचं होतं."

"निघताना मागं लागले. नाय कसं म्हनायचं?" प्रवीणने आरशात बघून केस सारखे केले. "घरची मानसं घरी नि आपन दोघंच वाईन चाखाय, बरं दिसतं का?"

बरं दिसणं हे त्या घराचं भातानंतरचं मोठं पीक. त्याला ना पाऊस लागे ना खत; बारा महिने उगवायचं.

काका खाली उतरले, सोनाली मध्ये शिरली, काका पुन्हा चढले. गाडी भिवपुरी मागे टाकून खालापूरच्या रस्त्याला लागली.

कुपन तिला ती नोकरी करायची त्या बदलापूरच्या लॅबने नाताळची भेट म्हणून दिलेलं, वर्ष संपायच्या आत वापरायचं. मार्गशीर्ष चालू होता, घरात महिनाभर मांस-मच्छी नाही, दारू नाही. तीही पाळत होती. वाईनशी तिला कर्तव्य नव्हतं. तिला हवं होतं एक टेबल, दोन खुर्च्या आणि मध्येच "सोनाली, गॅस बंद केला का गं?" असं न विचारणारी भिंत. तिथे प्रवीणकडून एक उत्तर घ्यायचं होतं. शेलूला स्टेशनजवळ घर घ्यायचं की नाही? कर्ज तिच्या पगारावर मंजूर झालेलं. पण प्रवीण दोन वर्षं एकच शब्द चघळत होता: बघू. म्हणून सोमवारी तिने सांगून ठेवलं होतं, तिथे गेल्यावर मला हो किंवा नाही, दोन्हींपैकी एक हवं. आज सकाळी बिल्डरच्या मनोजचा मेसेज आला होता: "वहिनी, संध्याकाळी बुकिंग बंद करतोय. दोन नावं लिहू की एक?"

प्रवीण गाडी चालवता चालवता बोरं खात होता. बी तोंडात आली की तो मान जरा मागे वळवायचा. मागून इंदूबाईंचा तळवा त्याच्या हनुवटीखाली यायचा. तो बी टाकायचा, तळवा परत जायचा. दोघांपैकी कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. सोनाली ते चौक गावापर्यंत बघत राहिली आणि मग डोळे मिटून घेतले.

वायनरीच्या दारात अशोकाच्या झाडाला कापूस चिकटवून बर्फ केला होता. येसाजींनी चारी बाजूंना नजर टाकली.

"द्राक्षाचा मळा कुठं हाय?"

"द्राक्षं नाशिकहून येतात, काका. इथे फक्त वाईन बनते," माहिती देणारी मुलगी म्हणाली. छातीवर नावाची पट्टी होती, जागृती.

"म्हंजे आमी टाक्या बघाय आलो?" पदूकाका म्हणाले. "टाक्या तं आमच्या गच्चीवर बी हायत."

टाक्या बघून झाल्या. येसाजींनी मधल्या वेळेत जागृती भिसेगावची, तिचं आजोळ कुठलं, हे सगळं काढून घेतलं. मग तिने त्यांना एका लांब टेबलाशी नेलं. पाच खुर्च्या, पाचांपुढे पेले, सगळं मांडून तयार.

"आयत्या वेळी पाच जण झालो, तुमची धावपळ झाली," सोनाली ओशाळून म्हणाली.

"छे, मॅम! सरांनी सोमवारीच फोन करून पाच करून घेतले होते."

सोनालीने प्रवीणकडे पाहिलं. तो छताला टांगलेल्या चांदण्या पाहत होता, अगदी मन लावून. मागं लागले म्हणे! आतून कुणी दाराला कपाट, पलंग, पेटी लावून ठेवावी तसे याने आईबाप लावून ठेवले होते. काका वरून, फट राहू नये म्हणून.

जागृतीने टेबलावर स्टीलची छोटी बादली ठेवली. "ज्यांना प्यायची नाही त्यांनी घोट तोंडात फिरवून यात टाकायचा."

सगळे येसाजींकडे बघू लागले. घरातला धर्म तेच सांगत.

"तोंडात घेतल्यानं काय मोडत नाय," त्यांनी निकाल दिला. "चूळ भरतोच की आपन. गिळलं तर मोडतं."

पुरुषांचे चेहरे उजळले. पांढरी झाली, गुलाबी झाली. येसाजी इमानाने बादलीत टाकत होते. पदूकाकांचा घोट मात्र बादलीपर्यंत पोहोचताना वाटेत बराच कमी होत होता. इंदूबाई कॅनमधलं पाणी पीत बसल्या होत्या. सोनालीचे पेले भरलेलेच होते. प्रवीण घोट घ्यायचा, गाल फुगवायचा, टाकायचा. नाही म्हणायला नको नि पोटात घ्यायलाही नको, अशी सोय त्याला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी टेबलावर मांडून दिली होती.

"आता लाल," जागृती म्हणाली. "ही लगेच सोडायची नाही. जिभेवर धरून ठेवा."

प्रवीणने मोठा घोट घेतला. सोनालीने हात लांब करून बादली उचलली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"प्रवीण."

काकांनी पेला खाली ठेवला. घरच्यांसमोर तिने त्याला नावाने कधी हाक मारली नव्हती. मारायची ती खोलीत, कडी लावल्यावर.

"शेलूचं घर. हो की नाही? नुसती मान हलवली तरी चालेल."

प्रवीणने बादलीकडे पाहिलं. मग बापाकडे, येसाजी पेल्याचा तळ तपासू लागले. मग सोनालीकडे, क्षणभरच. त्याचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी आलेलं, मान ताठ. कपाळावर घाम फुटला, पण मान ना उभी हलली ना आडवी.

शेजारून तळवा आला. हनुवटीखाली, पसरलेला, जरा खोलगट.

"थुक रं बाला," इंदूबाई म्हणाल्या. "थुक हातावर."

प्रवीण वाकला.

लाल पाणी इंदूबाईंच्या बोटांमधून मनगटावर ओघळलं. त्यांनी पदराच्या टोकाने आधी त्याची हनुवटी पुसली, मग स्वतःचा हात. जागृती कागदी रुमाल घेऊन आली, पण तोवर काम उरकलं होतं.

सोनालीने बादली उचलून परत प्रवीणपुढे ठेवली, आवाज न करता. फोन काढला, मनोजला दोन शब्द लिहिले: "एकच नाव." पाठवले. मग समोरचा लाल पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"सोनाली!" इंदूबाईंचा पदर हातातच राहिला. "मार्गशीर्ष हाय गं!"

"हो, आई." तिने तोंड पालथ्या हाताने पुसलं. "बाबा म्हणाले ना, गिळलं तर मोडतं."

जागृतीला काय करावं कळेना. तिने बाटली वर उचलली. "मॅम... कशी वाटली?"

"आंबट आहे," सोनाली म्हणाली. "पण उतरली खाली."